कपाटाला दुसरं गिऱ्हाईक

सुचित्राने फोनवर आधी ठरलेल्या गिऱ्हाइकाला ‘सॉरी, सायकल विकली गेली’ असं लिहिलं होतं, पाठवायचं बाकी होतं. दवाखान्यात शेजारच्या बाकावर मायलेक बोलत होते.

“आई, जुन्या कपाटाला ऑनलाइन दुसरं गिऱ्हाईक आलंय. हजार जास्त देतोय.”

“आन् खांदेश्वरची पोरगी? ती टेम्पो घेऊन येनार हाय ना?”

“कळवतो तिला, विकलं म्हणून.”

“तू तिला हो बोललास ना?”

“बोललो कुठे? नुसता अंगठा पाठवला व्हॉट्सअ‍ॅपवर.”

“तुज्या आज्यानं शेत इकताना नुसता आंगठाच दिलेला. मागून दुप्पट भाव आला, पन तो फिरला नाय.”

“तो जमाना वेगळा होता.”

“आंगठा तोच हाय. घरी जाऊन कपाट रिकामं कर.”

सुचित्राने लिहिलेलं खोडलं. ‘टायरमध्ये हवा भरून ठेवते. कधी येताय?’