आंब्याची फांदी मीच तोडली

द्रौपदा पोपट रोकडे, वय ५८ वर्षे, धंदा शेतमजुरी, रा. पिंपळवंडी, ता. जुन्नर, जि. पुणे. आज दि. १९ एप्रिल २००४ रोजी बोलावणं नसताना ठाण्यात आपणहून हजर राहून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी मुलगा कपिल, वय २१, याच्यासोबत राहते. शेजारी सोपान राहतात. त्यांच्या परसातल्या आंब्याची एक फांदी आमच्या घरावर आली होती. ती घासून तीन वर्षांत तीनदा कौलं फुटली. दर वेळी मी सांगितले, "भाऊ, फांदी उतरवा." ते म्हणाले, "वाऱ्याला सांग." आमच्या अंगणात पडलेले आंबे मात्र ते वेचून न्यायचे. आंबे त्यांचे तर फांदी बी त्यांचीच, एवढं कुणालाबी कळतं.

काल सकाळी आठच्या सुमारास मी झाडावर चढून ती फांदी कुऱ्हाडीने तोडली. कौलांवर पडू नये म्हणून ती कासऱ्याने वरच्या फांदीला ताणून बांधली होती. ती फिरून त्यांच्या न्हाणीवर पडली व पत्रा चेपला. पत्रा मी बदलून देणार आहे.

सोपान यांनी फांदी तोडल्याच्या तक्रारीत कपिलचे नाव दिले आहे. कपिलची पोलीस भरतीत निवड झाली असून त्याच्या चारित्र्याची चौकशी याच ठाण्याकडे आली आहे. हे सोपान यांना चांगले ठाऊक आहे. कौलं आमची फुटली आणि तक्रार त्यांची, चोराच्या उलट्या बोंबा. पोराचं नाव त्यात आलेलं मला सहन झालं नाही. कपिल त्या वेळी धावायला गेला होता. परत आल्यावर मलाच लई बोलला.

साहेबांनी विचारले की, या वयात झाडावर कशा चढलात. माहेरी पेठला चिंचा पाडायला वडील मलाच वर पाठवायचे, भाऊ खाली वेचायचे. साहेबांना खरे वाटले नाही. म्हणून पदर खोचून ठाण्याच्या आवारातल्या कडुलिंबावर चढून दाखवले. वरून विचारले, "साहेब, पटलं का अजून वर जाऊ?" साहेब म्हणाले, "उतरा, मावशी." उतरताना माझ्यासोबत आलेल्या कपिलने हात पुढे केला. मला तो धरावा लागला नाही.

हे सगळे मला वाचून दाखवले, मी सांगितले तसेच आहे. "ती फांदी कुऱ्हाडीने तोडली" या ओळीत "मी" आहे का, ते पुन्हा वाचायला लावले. आहे. मग अंगठा केला.