पुढच्या दाराचा रॅम्प

दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर एक भाऊबहीण, दोघांचीही पन्नाशी उलटलेली. भावाच्या कुबड्या भिंतीला टेकवलेल्या.

"दादा, जुन्या नाट्यगृहाच्या पायऱ्या आठवतात तुला?"

"न आठवायला काय झालं? बाबा मला पाठीवर घेऊन चढायचे, आणि मागून तू, माझ्या कुबड्या खांद्यावर टाकून, शिपायासारखी."

"घसरायला नको म्हणून ते चपला खालीच काढायचे. एकदा चोरीला गेल्या, तर अनवाणीच घरी आले."

"आणि धाप लागली तरी वर पोचेपर्यंत नाटकाची गोष्ट सांगत राहायचे. लोक बघतायत हे मला कळू नये म्हणून."

"तुला कळायचं?"

"कळायचं गं. पण गोष्ट छान सांगायचे."

"हं."

"आता ते नाट्यगृह पाडून नवं बांधतायत ना? नकाशे तूच काढतेयस म्हणालीस."

"काढत होते. रॅम्प पुढच्याच दाराला दाखवला होता, सगळ्यांनी त्यावरूनच आत यायचं. मालक म्हणाले, दर्शनी भागाची शोभा जाते. मागून घ्या, कचऱ्याच्या डब्यांशेजारून."

"मग?"

"मी नाही म्हटलं. काल त्यांनी काम दुसऱ्याला दिलं."

"अगं चिमे, एवढं मोठं काम घालवलंस? मागून तर मागून. मी गेलो असतो की, कुरकुर न करता."

"माहीत आहे, दादा. तू गेला असतास. म्हणूनच मागून नाही काढला."