गुन्नोरानं ऐकलेलं

नाही, नाही, फादर, बसा — निघालात कुठं? या रविवारी चर्चमध्ये माझ्या एमटच्या लग्नाचा पुकारा करू नका, एवढंच म्हणतेय मी. लग्न मोडा असं म्हटलं का? पुढं ढकला. सुगी होऊ द्या, मग बघू. आईनं थांबा म्हटलं तर थांबावं माणसानं! घ्या, प्या, ताजी आहे, सकाळीच दारावर झाडू टांगला, म्हटलं कळू दे गावाला गुन्नोराची दारू तयार झाली म्हणून.

कारण? कारण काय असायचं — नवरामुलगा हॅमो परका आहे. हो, जन्मला इथंच, आपल्याच गिरणीत, पण मोठ्या मरीत आईबाप गेले आणि मावशीनं तान्ह्याला उचलून नेलं. आता बाप्या होऊन परत आलाय. गिरणी ओस पडलेली, जहागीरदाराला माणूस हवा, दिली याला. आमच्या वेळी होतं का हे? गावाबाहेर पाऊल टाकायचं तर कारभाऱ्याच्या नाकदुऱ्या काढाव्या लागायच्या. वेठीला एक दिवस गेलं नाही तर पाठ फुटायची. आता तोच जहागीरदार विचारतो, बाबा, राहतोस का आमच्याकडं? निम्मं गाव गेलं आणि उरलेल्यांना भाव आला. मी नाही का — बाईच्या नावावर भट्टी कुणी होऊ दिली असती? आज आहे. पावाला लोणी लावते मी, फादर, रोज लावते, आणि रोज पहिला घास गेलेल्यांच्या नावानं बाजूला काढते.

तुमचंच घ्या ना, रागावू नका — तुम्ही आधी छपरं शाकारायचात. बायको गेली, लेकरं गेली, आणि धर्मगुरूच उरले नव्हते म्हणून तुम्हाला झगा घातला. लॅटिन म्हणताना अडखळता, मागं उभी राहून ऐकते मी. हसू नका. मी तर तेवढंही न शिकता तुमचं काम केलंय.

म्हणजे कुणी सांगितलं नाही तुम्हाला? आमचा जुना फादर पहिल्याच आठवड्यात गेला. दुसरा यायला तयार नाही. मग बिशपसाहेबांचा निरोप आला — धर्मगुरू मिळाला नाही तर मरणाऱ्यानं पापाची कबुली कुणाहीपाशी द्यावी, अगदी बाईपाशीसुद्धा. अगदी बाईपाशीसुद्धा! लोक घराघरात पडलेले, पुरुष कुणी उंबरा ओलांडेना. मी गेले. एमट पोटात होती माझ्या. दारात उभी राहायचे, नाकाला पदर लावून, आणि ते बोलायचे. काय काय बोलायचे! क्षमा करायचा अधिकार मला कुठला? मी आपली म्हणायचे, ऐकलं रे बाबा, देवानंही ऐकलं. तेवढ्यानं डोळे मिटायचे बिचारे. आज त्यांची पोरं माझी दारू पितात, पण माझ्या डोळ्यांना डोळा देत नाहीत. त्यांना वाटतं हिला आपल्या बापाचं सगळं ठाऊक आहे. आहेच. दारूची काहिली ढवळताना ते मेलेले ऐकू येतात मला, एकेकाचा आवाज ओळखते मी.

कुणाला सांगितलं? छे! कबुली बाहेर काढायची नाही, एवढं कळतं मला. पण तेच विचारायचं होतं — ती गुपित राखायची शपथ बाईलाही असते का, फादर? धर्मगुरूला असते, ठीक. पण मी कोण? समजा... आपलं समजा हां... मरता मरता एक माणूस सांगून गेला, की अमकीचं मूल तिच्या नवऱ्याचं नाही, माझं आहे. आता ऐकणाऱ्या बाईनं तोंड उघडलं, तर त्या माणसाला मिळालेली क्षमा परत जाते का? तो तिकडं जळत बसतो का? तिनं एवढं जपलं, रोज त्याच्या नावानं मेणबत्ती लावली — अहो, चांगला होता हो तो. माझ्या हातचं कढण त्याला आवडायचं. तापानं फणफणलेला, काखेत ही एवढी गाठ, आणि माझा हात धरून म्हणतो, गुन्नोरा, दुसरं कुणी नाही, तुलाच ऐकावं लागेल. गिरणीवाल्या सबीनाचा पोरगा —

...

पाहू नका असं माझ्याकडं.

हो. ऑस्बर्ट. माझाच नवरा. बायको म्हणून ऐकलं असतं तर थोबाडीत दिली असती, पण मला फादर व्हावं लागलं ना त्या वेळी. ऐकलं रे बाबा, देवानंही ऐकलं. म्हटलं मी. मग गेला. रडायचं की चिडायचं ते अजून कळलेलं नाही मला. सबीना त्याच्या आधीच गेली होती, गिरणीवाला पण गेला, मूल गावाबाहेर गेलं. वाटलं संपलं. आणि आता तो पोरगा माझ्या दारात उभा राहतो, मान तिरकी करून हसतो — अगदी ऑस्बर्ट! — आणि माझी लेक त्याला बघून लाजते. एका बापाची पोरं, फादर. मी पुकारा ऐकत बसू?

बोला ना. तुमच्या त्या पुस्तकात काय लिहिलंय? नवऱ्याला जळू द्यायचं की लेकीला? ... नाही ना माहीत? मला वाटलंच. ज्यांना माहीत होतं ते सगळे चर्चमागच्या चरात एकावर एक पडलेत. तुम्हाला बोल नाही लावत मी. खरंच नाही लावत. डोळे पुसा.

ऑस्बर्टचं ऑस्बर्ट बघेल.

एमट! अगं एमट! राहू दे ते पिंप, आत ये. हात पुसत बसू नको, ये तशीच.

तुम्ही उठा, फादर. उठा म्हणते ना — हे मी तिला एकटीला सांगणार आहे. दार ओढून घ्या जाताना.