माशांनी राखलेलं पान

शोभेच्या माशांचं दुकान चालवतो, तरी पुंडलिकनगरच्या मंजूताईंकडं पाहिलेलं अजून डोळ्यांपुढून हलत नाय. त्यांच्या टाकीत मी रुंद पानांचं हिरवं झाड लावलं होतं. एक दिवस त्यांचा फोन आला, "हिरवं तर आमच्या पाचोडच्या शेतात लई आहे. उद्या पाहुणे येतायत, लाल पानांचं लावून द्या."

गेलो. हिरवं उपटायला हात घातला, तर एरवी बिचकणारी एंजलफिशची जोडी बोटांवर तुटून पडली. वाकून पाहिलं. पानावर राजगिऱ्याएवढी अंडी ओळीनं चिकटवलेली, अन् नर-मादी पाळीपाळीनं पंखांनी त्यांना वारा घालत होती.

ताईंना बोलावून दाखवलं. त्या बराच वेळ काचेपाशी वाकून राहिल्या. मी काही बोलणार, तोच हळूच म्हणाल्या, "लाल झाड परत न्या, भाऊ. अन् बोला हळू, बाळंतिणीची खोली आहे ही."