अ‍ॅक्सिलरेटरखालचं अंडं

हे मला कुणालाच सांगायचं नव्हतं, पण तुम्हाला सांगते, कारण आज सकाळी सायकलवरच्या एका आजोबांनी आम्हाला मागे टाकलं आणि वर वळून विचारलं, "गाडी बंद पडली का हो?"... आम्ही स्कूटरवर होतो, चालू स्कूटरवर. बाबा म्हणाले, "नाही हो, चाललीय की." मी मागे दप्तराआड तोंड लपवलं.

बाबा ट्रक चालवतात. पूर्वी पैसे खेपेवर मिळायचे, जितक्या खेपा तितके पैसे, म्हणून ट्रक सुसाट, जेवण स्टिअरिंगवरच, आणि इकडे फोन वाजला की आई हातातलं काम टाकून धावायची. मग मालकाने पद्धत बदलली, महिन्याचा ठरलेला पगार आणि डिझेल वाचवलं तर वर बक्षीस. झालं, बाबांचा पायच बदलला. म्हणतात, "अ‍ॅक्सिलरेटरखाली अंडं आहे असं समजायचं. फुटता कामा नये." बरं, ट्रकमध्ये ठीक आहे, पण मला शाळेत सोडतानाही अंडं? बाई विचारतात, "रोज कसा गं उशीर होतो?" आता काय सांगू, अंडं होतं म्हणून? मी आपली दारात बुटाची नाडी सोडते आणि परत बांधते.

तर आज त्या आजोबांची सायकल दिसेनाशी झाली आणि बाबा पुढे बघतच म्हणाले, "माल उशिरा पोचतो म्हणून मालक पुन्हा खेपेवर पैसे देणार आहे. ज्याला नको त्याने पगारावर राहायचं, पण बक्षीस बंद. आज दुपारी सांगायचंय. आईला बोलू नकोस, उगाच झोप उडेल तिची." मग जरा वेळाने, "तुझ्या कॉलेजला खेपा बऱ्या पडतील गं."

असं कुणी पाठमोरं सांगतं का, तुम्हीच सांगा... मला म्हणायचं होतं, बाबा, खेपांच्या दिवसांत घरी जेवतानाही तुमच्या हातून वरण सांडायचं आणि तुम्ही वाटीला नावं ठेवायचात, मी बघितलंय. पण तोंडातून निघालं काय, तर "मला उशीर झाला तरी चालतो." एवढंच.

मघाशी ते मालकाकडून आले. चेहऱ्यावरून काही कळेना. माझी संध्याकाळची शिकवणी शाळेच्या मागच्याच गल्लीत असते, तिला वेळ अजून कितीतरी आहे, आणि हे आत्ताच स्कूटर पुसून खाली उभे... म्हणजे मालकाला त्यांनी बहुतेक...

"अगं, येतेस ना? निघू या लवकर, हळू जायचंय आपल्याला."