ओल्या-कोरड्याचे कोळी

टुंड्रावरच्या चिमुकल्या विमानतळावर मिआली विमानाची वाट बघत, चर्चमधलं गीत गुणगुणत बसली होती. मागच्या बाकावर म्हातारा किलाबुक आपल्या तरण्या पुतणीला निरोप द्यायला आला होता. पुतणीला त्याच्या वारलेल्या आईचं नाव ठेवलेलं, म्हणून तिथल्या रीतीप्रमाणे तो तिला आई म्हणे आणि ती त्याला बाळ.

“आई, प्रयोगशाळेला द्यायच्या कोळी-किड्यांच्या बाटल्या नीट बांधल्यास?”

“बांधल्या रे बाळा. ओल्या शेवाळातल्या वेगळ्या, कोरड्या टेकाडावरच्या वेगळ्या.”

“चार पावलांवर शेजार, पण एकमेकांकडे फारसं जाणं-येणं नाही. आपल्या माणसांसारखेच मेले!”

“देवानं ज्याला जिथं ठेवलं, तिथं तो सुखी.”

“मग तू कशाला निघालीस दक्षिणेला?”

“नोकरी लागली, बाळा.”

“पुढच्या उन्हाळ्यात कोळी पकडायला जमिनीत पेले कोण पुरणार?”

“तूच. जागा तुला पाठ आहेत.”

“पुरीन गं. पण दलदलीतून घरी आल्यावर ‘मोजे काढ बाळा’ म्हणून मला रागावणार कोण?”

मिआलीचं गुणगुणणं थांबलं. विमानात बसायची सूचना झाली.

“आजही ओलेच आहेत ना? काढ.”

“इथं? लोक बघतायत, आई.”

“बघू देत. माझे कोरडे आहेत, हे घाल. आण पाय इकडे.”