कॅमेऱ्याजवळचा आवाज

— हात लावू नको पोरी, ते पांढरं दिसून राहिलं ना, ती बुरशी हाय. तीस वर्षं लोखंडी पेटीत, कपड्यांच्या खाली, ना हवा ना उजेड, मग दुसरं काय होणार? बाबांनी जपून ठेवली होती म्हणतीस. अशी जपत नसतेत कॅसेट. आधी पूर्ण मागं घ्यायची, मग उभी ठेवायची. ही बघ, निम्म्यात थांबवून तशीच काढलेली. जिथं थांबवली तिथली पट्टी उघडी राहती, बुरशी तिथंच जास्त बसती, चालवली की तेवढ्या जागी चित्र पांढरं होईल, बघ तू. बघता बघता कंटाळला असंल तुझा बाप. बस त्या स्टुलावर. लुंबिनी ना तू? जळकोटहून सकाळच्या एसटीनं आलीस? बस.

तुला कोणी पाठवलं माझ्याकडं? कोणी का असंना. लग्नाची शूटिंग करणारे नांदेडात गल्लोगल्ली हायेत, पण जुन्या रॉक कार्यक्रमांच्या चोरून काढलेल्या कॅसेटी — म्हंजे कंपनीनं काढलेल्या न्हाईत, कोणीतरी शालीखाली कॅमेरा लपवून काढलेल्या — त्यांची पारख करणारा हा धोंडप्पा एकटाच. जर्मनीतला एक म्हातारा मला व्हिडिओ पाठवतो आन् विचारतो, किती गुण? चित्राला दहापैकी, आवाजाला दहापैकी, हाताला दहापैकी. हात म्हंजे कॅमेरा धरणाऱ्याचा हात, हलतो का न्हाई ते. कितवी कॉपी हाय तेबी सांगतो मी — कॉपीची कॉपी केली की लाल रंग पसरतो, ओठाच्या बाहेर येतो. पुण्याच्या एकाला तीन गुण दिले तर फोनवर रडायला लागला. मी म्हणलं रड, रडून तीनाचे चार होत न्हाईत.

आता नीट ऐक. ही कॅसेट एकदाच चालणार. पट्टीवरची पावडर सुटलेली हाय, मशीनमधून गेली की पावडर इकडं आन् पट्टी कोरी. म्हणून चालवतानाच कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. हा लाल दिवा पेटला की उतरून राहिलं समज. रविवारी पुण्यानुमोदन हाय ना बापाचं? पडद्यावर दाखवायचंय, गावानं एकदा बघावं बाबा गिटार कसे वाजवायचे ते. हाव, समजलं. गावाला तुझा बाप ठाऊक हाय तो गॅदरिंगात आवाजाचं मशीन जाळणारा संघपाल म्हणून. जळकोटापर्यंत गेलीच की ती गोष्ट. हायस्कुलात एवढी वर्षं मास्तर राहिला तरी पुसली गेली न्हाई. बघू. दाखवण्यासारखं असंल तर दाखव.

हातानं पूर्ण मागं घेतली. लागली. दिवा पेटला, बघ. चौऱ्याण्णवचं गॅदरिंग, इंजिनिअरिंग कॉलेज. चित्र — सहा. न्हाई, पाच. रंग उडालेत. तो ड्रमवाला नुसता आदळून राहिला, त्याला कोणी तरी घरी न्यायला पाहिजे होतं. आन् हा तुझा बाप. डावीकडचा, पांढरा शर्ट. रडती कशाला, अजून वाजवलं न्हाई त्यानं. शर्ट बघ, इस्त्री न्हाई, रॉक वाजवायला निघाले. पण हात बघ, कॅमेऱ्याचा हात — अजिबात हलत न्हाई. खुर्च्यांवर खुर्च्या ठेवून, त्याच्यावर उभं राहून, अंगावर शाल घेऊन काढलंय हे. प्राचार्यांनी शूटिंगला बंदी घातली होती. नऊ गुण. एकोणीस वर्षांच्या पोराचा असा हात मी परत बघितला न्हाई.

हाव, मीच काढली. सांगायचं राहिलं. मामाचं, मलप्पाचं, लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं, त्याचाच कॅमेरा. मी तर खरं स्टेजवर असायला पाहिजे होतो. गाणारा मीच होतो ना त्यांच्यात. पंधरा दिवस आधी तुझा बाप सगळ्यांसमोर म्हणला, धोंडप्पा, तुझा सूर लागत न्हाई, ह्या वेळी तू राहू दे. हळूच म्हणला, खांद्यावर हात ठेवून. माझ्या खांद्यावर, त्यानं, हात ठेवून. आमच्या घरी त्याचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असायचा, त्याला ठाऊक होतं ते, तरी पिऊन जायचा. आन् तो मला सांगणार, सूर लागत न्हाई.

ऐक, आता त्याचं एकट्याचं सुरू झालं. ठीक हाय. बरं वाजवतो. बरं म्हणलं मी, लई खुश होऊ नको. — वाजवतो, वाजवतो, हाव. लोक बघ कसे उठून उभे राहिलेत. आवाजाचं एक सांगतो तुला, शिकून घे. माइक कॅमेऱ्यातच असतो, म्हणून स्टेजवरचा आवाज लांबून येतो आन् कॅमेरावाल्याचा जवळून. खोकला म्हण, सुपारी चघळलेली म्हण, सगळं येतं. कॅसेट कोणी काढली हे मी तिथंच पकडतो. लग्नवाल्यांना हे कधीच कळत न्हाई, कारण ते कॅमेऱ्याचा आवाज ऐकतच न्हाईत. तो बंद करायचा, वरून गाणं टाकायचं, झाली कॅसेट. आमच्या दुकानात कोणीच ऐकत नव्हतं, मीबी न्हाई. मामाकडं तुझा बाप मागायला आला आन् मामानं ही अशीच देऊन टाकली, मला न विचारता, न ऐकता —

थांब. जरा आवाज कमी करतो. खरखर हाय ती. खरखर हाय म्हणलं ना. काय ऐकलंस? 'ज्ञानोबा, वायर ओढ'? असं काय न्हाई. ज्ञानोबा कॉलेजचा वायरमन होता, त्याला कोणीबी हाक मारली असंल, तिथं हजार माणूस होतं. — जवळून आला? जवळून आला म्हणजे काय, तू काय पारखी हायस का? मी आता सांगितलं म्हणून मलाच शिकवती? — 'ओढ म्हणतो ना, ओढ, आन् परत लाव.' हाव. माझाच आवाज हाय. हाव. ओढली त्यानं वायर, परत लावली, झटका बसला आन् धूर निघाला, हैदराबादहून आणलेलं आवाजाचं मशीन गेलं. मला वाटलं नुसतं बंद पडंल, फजिती होईल दोन मिनिटं. आन् लोक काय म्हणले, ह्यांच्या हातात चांगली वस्तू दिली की असंच होतं. मी न्हाई म्हणलो, लोक म्हणले. मी वरती खुर्च्यांवर नुसता उभा होतो. त्याच्यानंतर त्यानं गिटारला हात लावला न्हाई, ते त्याचं त्यानं ठरवलं, मी थोडीच सांगितलं.

हे पांढरं. पांढरं इथं आलं. इथंच थांबवली होती त्यानं.

म्हंजे ऐकलं होतं. एवढं ऐकलं आन् बंद करून पेटीत ठेवली. माझ्या स्वप्नालीच्या लग्नात आला होता तो, तू नव्हतीस, पंक्तीत जेवला, माझा हात धरून म्हणला, धोंडप्पा, पोरगी गोड हाय तुझी. ठाऊक असून म्हणला. दरवेळी भेटला की हसायचा, मला वाटायचं भोळा हाय, मनात मी हसायचो त्याला, तीस वर्षं. मला माफ करणारा हा कोण? मी मागितली होती का माफी? कोणाला सांगायचं होतं तर सांगायचं, चव्हाट्यावर उभं राहून शिव्या द्यायच्या होत्या, मी दिल्या असत्या. गप बसून मला लहान करून गेला.

उठू नको, बस. कॉम्प्युटर विचारून राहिलाय, उतरवलेलं ठेवायचं का. — न्हाई. झालं, दाबलं. दिव्याकडं काय बघती, विझला तो. कॅसेट परत लाव म्हणती? लाव की. हे बघ मशीनचं तोंड, ही तपकिरी पावडर दिसती का, हाच तुझा बाप. आन् ही पट्टी, धर उजेडाला, आरपार दिसतंय. सांगितलं होतं मी आधीच, एकदाच चालणार म्हणून.

रविवारी फोटोपुढं मेणबत्ती लाव, तेवढं पुरं हाय. सांगशील गावाला, सांग ना, खुशाल सांग, दाखवशील काय? — गुण? गुण कशाला पाहिजेत आता तुला? बरं, घे. चित्र पाच. हात नऊ. आवाज दहा. एवढ्या वर्षांत मी कोणाला दहा दिले न्हाईत, एकदम साफ होता.

साडेतीनची गाडी हाय जळकोटला. पेटी उचल तुझी आन् निघ, दारातला उजेड अडवू नको.